हिंगणवाडीची न झालेली कुस्ती

ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही, पैज लावा. शेजाऱ्याला सांगायला गेलात, तर तो आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. कारण गोष्ट हिंदुराव मगदूमांची आहे, आणि हिंदुरावांच्या तोंडून निघालेलं वाक्य हिंगणवाडीत चाळून घेतल्याशिवाय कुणी घरात नेत नसे.

हिंदुराव कुस्त्यांच्या मैदानात निवेदन करायचे. लाउडस्पीकरवर त्यांचा आवाज घुमला की माणसं हातातलं काम टाकून मैदानाकडं धावत. पैलवान मातीत उतरला की हे त्याच्या आजोबांपासून सुरुवात करीत. आजोबांचा पराक्रम ठाऊक नसला तर तिथल्या तिथं घडवून देत. एकदा म्हणे कलाजंग डावावर उचललेला पैलवान, हिंदुरावांचं वाक्य पुरं व्हायचं होतं म्हणून, हवेतच थांबला. पूर्णविराम पडला तेव्हा खाली आला. तो किती उंचावर थांबला होता हे ते हातानं दाखवत, आणि दर वर्षी तो हात जरा वर जाई.

अशा माणसावर खरं बोलायची पाळी यावी, हाच मुळात नियतीचा आचरटपणा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला काटेताप आला. आधी कातडीवर उसाचं पाचट ओढल्यासारखी सळसळ, मग ताप, मग छातीत दम मावेनासा होई. धडधाकट माणूस बहुधा उठून बसे. म्हातारी माणसं आणि पोटुशा बायका मात्र उठतीलच याची खात्री डॉक्टरसुद्धा देत नसत. श्वासानं तो थोडाफार पसरे. घामानं, अंगाला अंग लागून पसरे तो खरा. म्हणून सरकारनं जत्रा बंद केल्या, तालमींना टाळं ठोकलं, आणि उघडी सापडलेली तालीम पुन्हा कधीच उघडणार नाही असा हुकूम काढला.

बाकी सगळं 'मागोवा' बघत होता.

मागोवा म्हणजे काय, तर सरकारनं जिल्ह्याचा एक जुळा जिल्हा करून ठेवला होता, कुठल्याशा थंडगार खोलीतल्या यंत्रात. त्यात तुमचा एक जुळा, तुमच्या मेव्हण्याचा एक, कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा एक. प्रत्येकाच्या मनगटाला काळ्या दोऱ्यात एक मणी बांधलेला असे. कोण कुणाजवळ किती वेळ होतं, ते हा मणी कळवी, आणि तिकडचे जुळे तसेच हालत. मग मागोवा त्या जुळ्या जिल्ह्यात रोगाची एक ठिणगी टाकून बघे, हजारदा, दर वेळी फासे नव्यानं फेकून. ज्या वाटेनं वणवा पुन्हा पुन्हा जाई, ती खरी वाट असं धरायचं. पावसाचा अंदाज करतात तसाच हा, फक्त ढगांच्या जागी माणसं.

सगळा खेळ एका आकड्याचा. एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो? तो आकडा एकाच्या वर असला की साथ चढते, एकाच्या खाली उतरला की विझते. पण सरासरी मोठी लबाड. दहा रोग्यांतले आठ जण कुणालाच काही देत नाहीत, नववा एखाद्याला देतो, आणि दहावा एकटा गावजेवण घालतो. मागोव्यानं तो दहावा हुडकायचा, आणि लस तोकडी असल्यामुळं ती त्याच्या पंगतीला जेवलेल्यांनाच टोचायची. लागण झाल्यावरही आठवड्याच्या आत टोचली तर ताप धरत नसे. लसीचं हे कडं बरोबर पडलं तर साथ आतल्या आत गुदमरे. चुकीच्या गावाभोवती पडलं, तर लसही गेली आणि माणसंही.

त्या दिवशी सकाळी हिंदुराव ओट्यावर चहा बशीत ओतत होते, तेव्हा फोनवर बातमी आली. तालुक्यात पहिला रोगी सापडला. कवठोळीचा सिद्राम, भाजीच्या लॉरीवरचा ड्रायव्हर. श्वासाच्या यंत्रावर आहे, बोलू शकत नाही. त्याच्या मण्याचा माग काढून मागोव्यानं सांगितलं की तो चार दिवस पेठेच्या भाजीबाजारात हिंडला. लसीचं कडं पेठेभोवती पडेल. गाडी आज दुपारीच निघणार.

बशीतला चहा धोतरावर सांडला. भाजला तरी हिंदुरावांना कळलं नाही.

कारण सिद्राम पेठेच्या बाजारात हिंडला हे खरं; पण तोंडाला फडकं बांधून, लॉरीच्या केबिनमधून पावती घेऊन. आणि त्याच आठवड्यात एका पहाटे तो नदी ओलांडून हिंगणवाडीच्या तालमीत आला होता, कुस्ती धरायला.

आता हे समजून घ्या. हिंगणवाडी आणि कवठोळी यांच्यात जत्रेची मानाची कुस्ती लागते. महापुरात लागली, दुष्काळात लागली. खंड पडला तर गावाला वाईट, असा समज. जत्रा बंद झाली तेव्हा कल्लाप्पा वस्ताद म्हणाले, "मैदान नको, हलगी नको, माणसं नकोत. फक्त एक जोड मातीला लावू. मारुतीला कळलं म्हणजे झालं." झालं काय, तर आसपासच्या पाच गावांतली साठेक माणसं मारुतीच्याही आधी हजर. हलगीवाल्यानं नखानं हलगी वाजवली. हिंदुरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत निवेदन केलं, आणि पैलवानांपेक्षा त्यांनाच जास्त घाम फुटला. हिंगणवाडीच्या धैर्यशीलनं सिद्रामला घिस्सा डावावर चीत केलं. मग दोघांनाही खांद्यावर घेऊन नाचवलं, घामाची माती एकमेकांच्या कपाळाला फासली, आणि तीच माती मुठीत धरून वस्तादांनी साऱ्यांकडून शपथ घेतली, की आज इथं काही झालं नाही.

मागोव्याला यातलं काहीच कसं दिसलं नाही? त्याचं असं, की मातीत उतरताना अंगावर लंगोटाशिवाय दोरासुद्धा ठेवायचा नाही, ही तालमीची रीत. ताईत असो, घड्याळ असो, सरकारी मणी असो, सगळं मारुतीच्या तसबिरीखाली खुंटीला. नदीपल्याडचा सिद्राम आणि बघे तर मणी घरीच ठेवून आले होते. आणि मण्याला नाडी लागेनाशी झाली की मागोवा समजे, माणूस अंघोळीला गेला. जुळ्या जिल्ह्यात त्या पहाटे पाच गावांतले पन्नाससाठ जण एकाच वेळी अंघोळ करीत होते, तासभर. एवढा स्वच्छ तालुका राज्यात दुसरा नसेल. मागोव्यानं त्यांचे मणी हिरवे, म्हणजे निर्धोक, ठेवले.

ही हिंगणवाडीची चूक, आणि ती दुसरं कुठलं गाव करूच शकलं नसतं.

धैर्यशील म्हणजे हिंदुरावांच्या नातीचा नवरा. नात रेश्मा. तिला आठवा महिना लागला होता.

हिंदुराव आधी वस्तादांकडं गेले. कल्लाप्पा वस्ताद तालमीच्या बंद दारासमोर, उन्हात, पाठ ताठ करून बसले होते. त्यांच्या आज्यानं ही तालीम बांधली, बापानं मातीत तूप आणि हळद जिरवली, आणि हे जन्मात कधी खोटं बोलले नाहीत. म्हणजे त्या पहाटेच्या शपथेपर्यंत.

"वस्ताद, सिद्रामचं ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? पोरांचे मणी हिरवे हायत. यंत्राला कळतंय तेवढं तुला कळतंय व्हय?"

"यंत्राच्या मते आपण अंघोळ करत हुतो, गड्या!"

"हळू बोल." वस्तादांनी दाराकडं बघितलं. "मी तोंड उघडलं की ह्या दाराला जन्माचं कुलूप. शंभर वर्सांची माती वाळंल, हिंदू. आणि कशासाठी? पोरं तर धडधाकट हायत."

"रेश्माच्या पोटात—"

"रेश्माला काय झालंय? बोल की, झालंय काय?"

खरंच, अजून काहीच झालं नव्हतं. साथीचा हाच खोडसाळपणा. जोवर टाळता येते तोवर दिसत नाही, आणि दिसायला लागली की टाळायची वेळ गेलेली असते.

मग ते मिळेल त्या गाडीनं तालुक्याला गेले.

तालुक्याची साथ-अधिकारी म्हणजे त्यांचीच मुलगी, विजयमाला. रेश्माची आई. काचेच्या अलीकडं बाप, पलीकडं लेक, मध्ये बोलायची जाळी. हिंदुरावांनी सगळं सांगितलं. एकही आजोबा घातला नाही, कुणाला हवेत थांबवलं नाही. सरळ, कोरडं, खरं. सांगून झाल्यावर त्यांना स्वतःलाच चव कळेना.

विजयमालानं शेजारच्या मागोव्याच्या पडद्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आण्णा, हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? खरं सांगितलं."

"इथं बोललेलं सगळं मागोवा ऐकतो. जबानी म्हणून नोंदवतो."

"बरंच की!"

"बरं कसलं? तो प्रत्येकाचं बोलणं त्याच्या मण्याशी ताडून बघतो. ज्याचं जुळतं त्याच्या शब्दाला वजन. गेल्या सालच्या साथीत तुम्हाला विचारलं होतं, कुणाकुणाला भेटलात. आठवतंय काय सांगितलं होतंत?"

हिंदुरावांना अंधुक आठवलं. राज्यपालांबरोबर झुणका-भाकर. विमानातून दोन मंत्री. एक अस्वल.

"मणी म्हणत होता, तुम्ही दिवसभर ओट्यावर झोपला होता," ती म्हणाली. "त्याआधीच्या वेळीही तेच. जो कधी खरं, कधी खोटं बोलतो, त्याचा मागोव्याला काही उपयोग नसतो. पण जो दर वेळी खोटंच बोलतो, त्याचा असतो. त्याचं उलट धरलं की झालं. तुमचं वजन शून्याच्या खाली आहे, आण्णा. तुम्ही म्हणालात हिंगणवाडीत कुस्ती झाली, म्हणजे मागोव्याच्या हिशोबी ती नक्कीच झाली नाही."

"मग?"

"खबरदारी म्हणून हिंगणवाडीला चार लशी ठेवल्या होत्या. पोटुशा बायकांसाठी." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "त्या आत्ता पेठेच्या खात्यात गेल्या. तुमच्या जबानीनं."

हिंदुराव जाळीला तोंड लावून पुढं झुकले.

"मग आता उलट बोलतो," हिंदुराव घाईघाईनं म्हणाले. "कुस्ती झालीच नाही! नोंदव. आईशपथ झाली नाही!"

"एका गोष्टीवर एका माणसाची एकच जबानी धरतात."

"तू अधिकारी आहेस. गाडी वळव."

"कशाच्या जोरावर? माझी पोरगी त्या गावात आहे, म्हणून? पेठेतल्या बायकांना काय सांगू? माझा बाप म्हणाला?" तिचा आवाज चिरकला. "आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तुम्ही मला सांगत होता की ती दिल्लीला बक्षीस घ्यायला गेलीय. मी शाळेत पेढे वाटले होते, आण्णा."

हिंदुरावांनी जाळीवर हात ठेवला. तिनं आपला हात वर केला नाही.

"तुम्ही आज खरं बोलताय का," ती हळू म्हणाली, "हे मला खरंच कळत नाही. माझी पोरगी आहे, म्हणून विश्वास ठेवावासा वाटतोय. आणि त्याच कारणासाठी ठेवता येत नाही."

"कोण बोललं तर ठेवशील?"

"ज्याच्या शब्दाला वजन आहे तो. तुमच्या गावात कल्लाप्पा वस्तादांचं सर्वांत जास्त आहे, पूर्ण एक. त्यांनी एक वाक्य बोलावं, मागोवा पुन्हा फासे टाकेल. दुपारी चावडीवाचनाला मी येतेच आहे. त्यानंतर गाडी पुलावरून पेठेकडं वळली, की संपलं."

चावडीवाचन म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी सांगतो. मागोव्यानं गावाबद्दल काय ठरवलंय ते अधिकाऱ्यानं चावडीवर मोठ्यानं वाचायचं, कुणाची हरकत असेल तर त्यानं तिथंच तोंडानं सांगायची. यंत्र ऐकत असतं. आवाज आणि मणी जुळवून, बोलणारा कोण, त्याचं वजन किती, हे त्याचं ते बघतं.

परत आल्यावर हिंदुराव थेट रेश्माच्या घरी गेले. ती अंगणात पाय लांब करून बसली होती, पोटावर ताटली ठेवून शेंगा सोलत.

"आजोबा, बाळानं लाथ मारली की ताटली हलती बघा!"

"हलणारच. माझा पणतू. पोटातच शड्डू ठोकतोय."

ती हसली. आतून धैर्यशील आला, हातात पाण्याचा तांब्या. तिच्या मानेवरचा घाम त्यानं पदरानं टिपला, आणि टिपता टिपता स्वतःच्या डाव्या दंडाला खाजवलं.

हिंदुरावांची नजर तिथंच खिळली.

"काय झालं रं दंडाला?"

"काय न्हाई. ऊस लागला असंल."

"उसात कधी गेलतास?"

धैर्यशीलनं बाहीनं दंड झाकला. मनगटावरचा मणी गर्द हिरवा चमकत होता. "आजोबा, मणी हिरवा हाय की," तो म्हणाला. आवाजात ताठा होता, पण डोळे दंडाकडं वळले होते.

"जरा बाहेर ये." कोपऱ्यावर नेऊन हिंदुरावांनी त्याचा दंड घट्ट धरला. "धैर्या, आता चावडीवर बोल. सगळं सांग. तुझ्या बायकोचा जीव हाय."

पोरगा घामेजला. एवढा थोरला गडी, पण ओठ लहान मुलासारखे थरथरले. "वस्तादांनी मातीची शपथ घातलीया, आजोबा. त्यांनी सोडवल्याबिगर मी न्हाई बोलायचा. मला वाढवलंय त्यांनी."

"आणि रेश्मा?"

त्यानं दंड सोडवून घेतला तशी बाही वर सरकली. त्या दंडावर बारीक काटा फुलला होता, थंडीत फुलतो तसा. ऊन तर असं होतं की पत्रा वाजत होता.

चावडीसमोर चुन्याची वर्तुळं आखली होती. एकेका वर्तुळात एकेक माणूस, तोंडाला फडकं. सगळी तालीम उभी होती, खांद्याला खांदा न लावता. त्यामुळं ती पोरं कधी नव्हे इतकी लहान दिसत होती. समोरच्या दारात रेश्मा भिंतीला टेकून उभी. विजयमाला पांढऱ्या पोशाखात आली. लेकीकडं तिनं एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली. लांब पुलाच्या तोंडाशी लसीची पांढरी गाडी उभी होती.

"मौजे हिंगणवाडी," ती वाचू लागली. "बाधित व्यक्तीशी संपर्क, शून्य. धोका, अत्यल्प. लस, शून्य. कुणाची हरकत?"

कुणी हललं नाही. तालमीतली पोरं मातीकडं बघत होती. वस्ताद पहिल्या वर्तुळात, हाताची घडी, नजर समोर.

"कुणाची हरकत?" तिनं पुन्हा विचारलं, आणि या खेपेला तो प्रश्न राहिला नाही, विनवणी झाली.

"माझी," हिंदुराव म्हणाले.

कुठंतरी कुणी खुदकन हसलं. विजयमालानं डोळे मिटले. "आण्णा, नका. तुमचं बोललेलं यंत्र धरत नाही."

"यंत्राला कोण सांगतंय? यंत्र झोपंना का." त्यांनी तिच्या हातातला माईक काढून घेतला. चाळीस वर्षांची सवय. माईक हातात आला आणि पाठ सरळ झाली. "तर मंडळी! ऐका, हिंगणवाडीच्या मानाच्या कुस्तीची हकिकत! एका बाजूला कवठोळीचा वाघ सिद्राम, ज्याच्या आज्यानं एका हातानं विहिरीची मोट ओढली होती! आणि दुसऱ्या बाजूला आपला धैर्यशील. त्याच्या आज्यानं काय केलं? मंडळी, त्याच्या आज्यानं काहीच केलं नव्हतं, आणि ते त्या पहाटे मातीत दिसलं!"

वर्तुळांत चुळबूळ झाली.

"सलामी झाली. सिद्रामनं हात पुढं केला, आणि आमच्या पैलवानाचे पाय लटपटले! मंडळी, लाल मातीत मी पुष्कळ पैलवान बघितले, पण घाबरून रडणारा पहिलाच!"

धैर्यशीलची मान ताडकन वर आली. फडक्यामागं जबडा आवळलेला दिसत होता. दारातून रेश्मा ओरडली, "आजोबा!"

हिंदुरावांनी तिकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वाक्य मोडलं असतं. "आणि पहिल्याच झटक्याला, ढाक! आमचा धैर्यशील पाठीवर! आकाशात चांदण्या मोजतोय! आई आई म्हणतोय!"

"आजोबा, आता बास!" एक पोरगा पुटपुटला. दुसऱ्यानं त्याला डोळ्यांनी दटावलं. धैर्यशीलच्या मुठी वळलेल्या, डोळ्यांत पाणी, पण ओठ बंद. एकवार त्यानं वस्तादांकडं पाहिलं. वस्तादांनी मान हलवली, नाही म्हणून, एवढीशी. पोरगं पुन्हा खाली बघू लागलं.

पुलावर गाडीचा ड्रायव्हर आत चढला. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

हिंदुरावांना कळून चुकलं. त्यांनी चुकीच्या माणसावर डाव टाकला होता. हा पोरगा जीव देईल, शब्द मोडायचा नाही. कारण त्याला तसं घडवलंय. मग घडवणारा? त्यांनी मान वळवली. कल्लाप्पा वस्ताद. साठ वर्षांचा दोस्त. दोघांनी एकाच हौद्यात माती खाल्ली होती. एकाच्या अंगाला ती लागली, दुसऱ्याच्या जिभेला. आता जे बोलायचं होतं, त्यानंतर हा माणूस त्यांच्या तिरडीलाही खांदा देणार नव्हता.

"पण मंडळी," हिंदुरावांनी आवाज खाली आणला, मैदानात निकाल सांगताना आणत तसा. सगळ्यांच्या माना आपोआप पुढं झुकल्या. "पोराचा दोष न्हाई. त्या बिचाऱ्याला वरून खूण झाली. कडेला कोण उभं हुतं? आपले वस्ताद. सिद्रामचा हात पडला, तशी वस्तादांनी दोन बोटं वर केली. म्हणजे काय? म्हणजे टेक पाठ!"

हलगीवाल्यानं तोंडावर हात ठेवला.

"आण्णा..." विजयमाला कुजबुजली. तिला कुस्तीतलं फार कळत नव्हतं, पण मैदानाच्या कडेला वाढलेली पोर होती. बापानं कुठल्या मुळावर कुऱ्हाड ठेवलीय हे तिला कळलं. तिनं हातातला मागोव्याचा पडदा छातीशी धरला.

"तर हे असं हाय, मंडळी. शंभर वर्सांची तालीम. आज्यानं बांधली, बापानं राखली, आणि नातवानं काय केलं?" हिंदुरावांनी वस्तादांच्या डोळ्यांत डोळे घातले. त्यांचा स्वतःचा आवाज हलत होता, पण शब्द एकेक सुटा, लांबच्या रांगेतल्याला ऐकू जाईल असा पडत होता. "नुरा! ठरवून केलेली कुस्ती! माती विकली मंडळी, कल्लाप्पानं माती विकली!"

वस्तादांच्या हाताची घडी सुटली. फडकं ओढून काढत ते वर्तुळाबाहेर आले. चुना त्यांच्या पायाखाली फासला गेला. आणि पुलापर्यंत पोचेल अशा आवाजात ते गरजले,

"खोटं! साफ खोटं बोलतोस, हिंद्या! घिस्स्यावर चीत केलाय माझ्या पोरानं सिद्रामला, ह्याच गावात, माझ्याच मातीत, आणि हितं उभ्या असलेल्या सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलाय. इचार! इचार एकेकाला!"